एक तास चाळीस मिनिटं

परवा कुकटपल्लीच्या घरी नातसून मोबाइल घेऊन माझ्या शेजारी बसली होती. तिला आणि नातवाला सुट्टीत लडाखकडे जायचं आहे. "आजी, श्रीनगरहून लेहला विमानाने किती लागतं बघा," म्हणाली आणि किलोमीटर आणि मिनिटं एका दमात सांगून मोकळी झाली. मी विचारलं, "आणि ढग असले तर?" तिने परत मोबाइलमध्ये पाहिलं. म्हणाली, "ते यात दाखवत नाही."

मला गौलीगुड्यातले गुंडेराव आठवले. त्यांच्याही नकाशात ते दाखवत नव्हतं.

गुंडेराव आमचे शेजारी. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा दुसरी लढाई चालू होती आणि हैदराबादेत निजामाचं राज्य होतं. गुंडेरावांची सगळी नोकरी सरकारच्या जमीन मोजणीत गेलेली. जिल्ह्याजिल्ह्यांत लोखंडी साखळी घेऊन शेतं मोजत हिंडले आणि पेन्शन घेऊन घरी बसले. बसले म्हणायचं आपलं. माणूस एका जागी ठरत नसे. अंगात जुनी शेरवानी, खाली धोतर, डोक्याला काळी टोपी, असे सकाळ-संध्याकाळ चालायचे आणि चालताना पावलं मोजायचे. मोजताना उजव्या हाताचं पहिलं बोट वर असायचं. त्याचा अर्थ, माझ्याशी बोलू नका. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. समोरून कुणीही येवो, वकील येवो की टांगेवाला, गुंडेराव बोट दाखवून पुढे. नवखा माणूस समजायचा, हे आभाळाकडे काहीतरी दाखवतायत. तो वर बघेपर्यंत हे कोपऱ्यावर.

घरापासून काचीगुडा स्टेशन किती, सुलतानबाजारातलं भाजीचं दुकान किती, सगळं तोंडपाठ. माझे सासरे वारले तेव्हा खांदा द्यायला गुंडेराव होते. खांद्यावर तिरडी आणि बोट वर. मी ओसरीतून पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला; लोकांना वाटलं सून फार रडते आहे. संध्याकाळी ते सासूबाईंना भेटायला आले, पाटावर टेकले आणि म्हणाले, "एकवीसशे सत्तर." सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे फार लांब नाही." माणसं काय काय ऐकून शांत होतात, सांगता येत नाही.

फार प्रेमळ, फार थोर असं मी त्यांच्याबद्दल लिहिणार नाही. छत्री मागितली तर देत नसत. कुणाच्या घरी जेवायला गेले तर पंगत वाकडी बसली आहे म्हणून चार माणसांना उठवत. पण मापात खोटं नाही. त्यांची एक गोष्ट सगळी गल्ली सांगायची. जिल्ह्यात एका जहागीरदाराचं आणि त्याच्या विधवा भावजयीचं शेत लागून होतं आणि हद्दीवर विहीर होती. जहागीरदाराने गुंडेरावांना बोलावून पान-सुपारी केली आणि सांगितलं, हद्द चार हात तिकडे सरकव. गुंडेरावांनी तीन वेळा साखळी टाकली. तिन्ही वेळा हद्द विहिरीच्या बरोबर मधून गेली. तसंच त्यांनी कागदावर लिहिलं. जहागीरदार चिडला. भावजयही चिडली, कारण तिलाही अख्खी विहीर हवी होती. गुंडेरावांना शहरात आणून कागदावर रेघा ओढायला बसवलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. "साखळीला मामा-भाचे नसतात," असं म्हणायचे. हे त्यांचं पेटंट वाक्य. लग्नात, मुंजीत, भांडणात, कुठेही वापरायचे.

त्यांची बायको राधाकाकू. बुटकी, गोरी, लिहिता-वाचता न येणारी आणि नवऱ्याच्या दुप्पट हट्टी. दोघांना एकच मुलगा, दत्तू. तो वायरलेसचं काम शिकला आणि लढाईत विमानखात्यात भरती होऊन थेट पेशावरला गेला. तिथून एकदा त्याचं पत्र आलं. दर मंगळवारी सकाळी सात वाजता आमचं लहान विमान डाक आणि औषधं घेऊन गिलगिटला जातं, मी त्यावर असतो, बुधवारी सकाळी सातला आम्ही परत निघतो, खाली सगळे बर्फाचे डोंगर आहेत, फार मजा येते.

पोरांना अक्कल नसते. मजा येते हे लिहावं, डोंगर आहेत हे कशाला लिहावं?

पुढच्या मंगळवारी पहाटे राधाकाकूंनी अंघोळ केली, देव्हाऱ्यातले सगळे देव ताम्हणात ठेवले, वर पाणी ओतलं आणि सांगितलं, दत्तू सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत देव पाण्यात आणि मी पेलाभर दुधावर. आमच्याकडे संकटात देव असे पाण्यात ठेवतात. माझा त्यावर विश्वास नाही. देव काय मीठ आहे, विरघळेल या भीतीने काम करायला? पण काकूंचा होता. आता पेशावरचं पत्र यायला आठ-नऊ दिवस लागायचे. म्हणजे या मंगळवारची खुशाली कळायच्या आत पुढचा मंगळवार उजाडायचा आणि विमान परत वर. देव काही पाण्यातून बाहेर येईनात. महिनाभरात काकू वाळून काडी झाल्या. एकदा नळावर भोवळ येऊन पडल्या. वैद्यांनी नाडी बघितली आणि गुंडेरावांना बाहेर ओसरीवर नेऊन सांगितलं, "असंच चाललं तर मुलाच्या आधी याच वर जातील."

गुंडेराव त्या दिवशी चालायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या शाळामास्तरांकडून हिंदुस्थानचा भिंतीवरचा नकाशा आणला, ओसरीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. गल्ली जमली. काकूंना पाटावर बसवलं. वातींच्या कापसाचा दोरा वळून घेतला होता. माझ्या सासूबाईंनी पेशावरवर अंगठा ठेवला, मला गिलगिटवर बोट ठेवायला सांगितलं. दोरा ताणून झाल्यावर गुंडेरावांनी तो पट्टीवर धरला.

"चार इंच. एका इंचाला पन्नास मैल. दोनशे मैल." मग काकूंकडे वळून, "विमान तासाला एकशेवीस मैल जातं, असं दत्तूने लिहिलंय. म्हणजे एक तास चाळीस मिनिटं."

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "माझी तूरडाळ शिजायला याहून जास्त वेळ लागतो."

"एवढंच."

"म्हणजे सातला निघाला की..."

"आठ चाळीसला उतरला."

"आणि येताना?"

"तेवढाच. वाट तीच असते."

काकूंनी नकाशाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या मापावर गल्लीत कुणी कधी शंका घेतली नव्हती, त्या कशी घेतील? गुंडेरावांनी कोळशाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, १ तास ४० मिनिटं. त्या मंगळवारपासून नेम सुरू झाला. सातला देव पाण्यात. आठ वाजून चाळीस मिनिटांनी गुंडेराव खिशातलं घड्याळ उघडून ओसरीवरून ओरडायचे, "उतरला! देव काढ!" की देव बाहेर आणि काकूंचं पान वाढलेलं. बुधवारी परत तेच. गल्लीतल्या बायका त्या ओरड्यावर चुलीवरची भांडी उतरवायला लागल्या. महिन्या-दीड महिन्यात काकूंच्या गालांवर मांस आलं.

पण गुंडेरावांना चैन पडेना. दोरा म्हणजे साखळी नव्हे, असं ते आमच्या यांना म्हणाले. आमचे हे तेव्हा एका सरकारी दफ्तरात कारकून होते आणि बेगमपेठच्या हवाई अड्ड्यावर त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. तो दोन वर्षं पेशावरकडे काम करून आला होता. एका शुक्रवारी हे आणि गुंडेराव टांगा करून बेगमपेठला गेले. गुंडेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा जवळून विमान पाहिलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर बोट वर करून ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. मग मिस्त्रीला विचारलं, पेशावरहून गिलगिट, दोरा लावला तर दोनशे मैल, बरोबर ना?

मिस्त्री हसला म्हणे. "चचा, धागा सीधा जाता. जहाज सीधा नै जाता. उधर पहाडां हैं. नदी के ऊपर ऊपर, मुडते मुडते जाना पडता."

"फिर घंटे कित्ते होते?"

"अच्छा मौसम रहा तो ढाई. बादल आ गए तो आधे रस्ते से वापस. वहां उतर गए और मौसम बिगड गया, तो आठ आठ रोज वहीं पडे रहते. कब निकलते, उडानेवाले कू बी नै मालूम."

"तो भी, हिसाब से कित्ते?"

"हिसाब खुदा के पास है चचा. तुम कायकू गिनते?"

 परत आल्यावर गल्लीच्या तोंडाशी टांग्यातून उतरून गुंडेरावांनी ह्यांचा हात धरला. "विष्णू, घरात बोलायचं नाही."

"पण काका, मग काकूंना सांगायचं काय?"

"एक तास चाळीस मिनिटं. मोजलंय मी."

ह्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. नवऱ्याच्या पोटात काही राहत नसे. मी म्हटलं, साखळीला मामा-भाचे नसतील, बायको असते वाटतं. हे हसले नाहीत. म्हणाले, "इंदू, माणूस टांग्यातून उतरताना म्हातारा दिसला."

आणि पुढच्या मंगळवारी आठ चाळीसला आरोळी आलीच. "उतरला! देव काढ!" आवाज तोच. मी चुलीपाशी होते. माझ्या हातातली पळी थांबली, तेवढंच.

यानंतर तीन आठवडे झाले असतील. दुपारी राधाकाकू पदराखाली काहीतरी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी गवार निवडत होते. त्यांनी पदराखालून दत्तूचं पत्र काढलं.

"इंदे, हे वाच."

"काकांनी वाचलं नाही का?"

"वाचलं. पत्र दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आणि वाचून झालं दोन ओळींत. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा. एवढ्याला एवढी शाई लागते होय?"

मी चौथी शिकलेली. आमच्या गल्लीतल्या सुनांत तेवढंही शिक्षण पुष्कळ होतं. पत्र चाळलं. गुंडेरावांनी बेगमपेठहून आल्यावर मुलाला विचारलं असावं आणि मुलाने सगळं खरं लिहून पाठवलं होतं. मी म्हटलं, "काकू, अक्षर लागत नाही."

"थापा मारू नको. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे. मोठ्याने वाच."

वाचलं. काय करणार? बाबा, तुमचा दोरा सरळ आहे पण आम्ही नदीच्या वळणांनी जातो. मागच्या महिन्यात दोनदा अर्ध्यातून परत आलो. एकदा गिलगिटला सहा दिवस अडकलो. निघालो म्हणजे पोचलो असं इथे नसतं. आईला हे सांगू नका.

काकूंनी गवारीच्या चार-पाच शेंगा मोडल्या. एकीचीही शीर काढली नाही.

"म्हणजे ह्यांना ठाऊक आहे."

"पत्र त्यांनीच वाचलंय ना."

"आणि मंगळवारी उतरला म्हणून ओरडतात."

 त्या रागावतील, रडतील, परत दुधावर बसतील, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनी पत्राची घडी घातली.

"बत्तीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "मी आजारी पडले तर खाटेपासून न्हाणीपर्यंतची पावलं सांगायचा हा माणूस. माझ्यासाठी म्हणून एवढी एकच गोष्ट केलीय. ती मोडू कशी? तू बोलू नको."

"मी कशाला बोलू?"

"आणि एक गडू काढून ठेव. तांब्याचा नको, मोठा असेल तो."

त्या मंगळवारी आठ चाळीसला आरोळी आली. काकूंनी देव काढले, पुसले, नवऱ्यासमोर बसून पोटभर जेवल्या. मग झाकलेली वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. वाटीत बाळकृष्ण. गुडघ्यावर रांगणारा, पितळेचा, अंगठ्याएवढा. तो त्यांनी माझ्या गडूत पाण्यात ठेवला आणि गडू फडताळात मागच्या बाजूला सरकवला.

"पत्र येईपर्यंत हा इथे बसेल," म्हणाल्या. "मी जेवते. ह्यांना दिसलं पाहिजे ना मी जेवते ते. हा एकटा बसला पाण्यात तर चालेल. लहान आहे, पाण्यात खेळेल."

झालं. ते माझ्याशी खोटं बोलत नव्हते, त्या माझ्याशी खोटं बोलत नव्हत्या. एकमेकांशी मात्र दोघंही, आणि मधल्या फडताळात मी. तोंड बंद ठेवायचं काम मला जन्मात एवढं एकदाच जमलं. बाळकृष्ण पत्र आलं की घरी जायचा, मंगळवारी परत यायचा. माझ्या सासूबाईंनी एकदा गडूत हात घातला आणि किंचाळल्या. त्यांना मी सांगितलं, आमच्या माहेरची पद्धत आहे.

मग पत्रं थांबली. दोन आठवडे झाले, तीन झाले. चौथा लागला. गुंडेरावांची आरोळी दर मंगळवारी, दर बुधवारी बरोबर वेळेवर. "उतरला! देव काढ!" फक्त आता ओरडून झाल्यावर ते घड्याळ लगेच मिटत नसत. काकू समोर बसून जेवायच्या. काय जेवायच्या ते मला ठाऊक आहे, कारण त्यांची भाजी रोज आमच्या वाटीला येई आणि तिच्यात मीठ कधी दुप्पट, कधी नाहीच. ह्यांनी पोस्टात दोनदा चौकशी केली. लढाईचे दिवस, कोण उत्तर देतं?

एका दुपारी घरात मी एकटी होते आणि गुंडेराव आले. ते कधी बायकांच्या स्वयंपाकघरापर्यंत येत नसत. दारात उभे राहिले.

"सूनबाई, आमच्या देव्हाऱ्यात अकरा देव आहेत."

मी पदराला हात पुसले.

"मंगळवारी दुपारनंतर दहा असतात." मग आत आले, फडताळ उघडलं, मागे हात घालून गडू बरोबर काढला. शोधावा लागला नाही. त्यांनी आत पाहिलं. "महिना व्हायला आला. पाणी रोज बदलत जा. पितळ आहे, हिरवं पडतं."

"बदलते, काका."

"चिंच लावून पुसा." शेरवानीच्या उजव्या खिशात हात घातला आणि मूठभर चिंचोके ओट्यावर ठेवले. कशाला ठेवले, चिंच म्हणजे चिंचोका नव्हे हे त्यांना कळत नव्हतं का, मी विचारलं नाही. गडू होता तिथे, होता त्या अंतरावर ठेवला. दारातून वळून म्हणाले, "तिला सांगू नका."

मी त्या दोघांना तेव्हा मनातल्या मनात काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही.

पाचव्या आठवड्यात दत्तू स्वतःच आला. पत्र नाही, तार नाही, काचीगुड्याला उतरला आणि ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन चालत घरी. गिलगिटला बर्फात तीन आठवडे अडकला होता, मग पेशावरला परतल्यावर ताप, मग रजा. नाकाचं कातडं सोललेलं, बाकी धड. गल्ली गोळा झाली. काकूंनी शिरा केला, त्यात साखर होती, म्हणजे त्या शुद्धीवर होत्या. दत्तू पाटावर, गुंडेराव खांबाला टेकून, आम्ही सगळे दारात.

खाता खाता दत्तूने भिंतीवरची कोळशाची अक्षरं वाचली. "हे काय? एक तास चाळीस मिनिटं?"

"तुझ्या विमानाला लागतात ती," काकू म्हणाल्या.

"कोण म्हणतं? अगं, मी तर बाबांना लिहिलं होतं की..."

गुंडेरावांचं बोट वर गेलं. चालताना जायचं तसंच, पण ते जागेवर उभे होते. दत्तू गल्लीतच वाढलेला. ते बोट वर असताना बोलायचं नसतं हे त्याच्या अंगात होतं. तो थांबला. बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई ताटात शिरा वाढत होती, त्याच्याकडे बघत नव्हती.

"हो," तो म्हणाला. "तेवढाच. कधी कधी दोन मिनिटं इकडेतिकडे."

"इकडेतिकडे कशी होतील?" काकू म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी मोजलंय."

त्या दुपारी त्या बाळकृष्णाला घेऊन गेल्या. चिंचेने घासलेला होता, लखलखीत. पुढे दत्तूची बदली खाली दक्षिणेत झाली, कचेरीतल्या कामावर. गडू मी ताकाला घेतला.

लढाई संपल्यावर आम्ही गौलीगुडा सोडून बरकतपुऱ्यात भाड्याचं मोठं घर घेतलं. सामान बैलगाडीत चढवलं तेव्हा राधाकाकू आल्या नाहीत. घरात बसून राहिल्या. एवढ्या लांब आपल्याच्याने चालवणार नाही आणि टांग्यात आपल्याला मळमळतं, तेव्हा आता ही गेली ती गेलीच, असं त्यांनी धरलं होतं. गुंडेराव मात्र गाडीच्या मागे मागे पूर्ण वाट चालत आले, बोट वर. नव्या घराच्या उंबऱ्याला पाय लावून थांबले. डाव्या खिशातले चिंचोके ओसरीवर ओतले आणि मोजले.

"किती, काका?"

"तीन हजार आठशे." पाणी प्यायले. "घरी अडीच हजार सांगतो. तेवढं असलं तर येईल ती."

आठ दिवसांनी राधाकाकू खरोखरच आल्या. घामाघूम, चपला हातात. उंबऱ्यावर बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "अडीच हजार म्हणे! मी पण मोजत आले. अडीच हजार झाली तेव्हा काचीगुड्याची कमानसुद्धा मागे पडली नव्हती."

गुंडेराव दहा पावलं मागे फाटकाशी होते. आत येऊन त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं.

"तुझी पावलं लहान आहेत," ते म्हणाले.

काकूंनी आपल्या पायांकडे पाहिलं. "असतील," म्हणाल्या. "इंदे, पाणी आण."

मी दोघांना लिंबाचं सरबत दिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि मी तिकडे असतानाच गुंडेराव गेले, त्यामुळे त्या दिवशी पाहिलं ते शेवटचं. ऊन उतरल्यावर ते निघाले. काकू पुढे, ते मागे. मी फाटकात उभी राहून बघत होते. ते वळणाला पोचले तेव्हा दोघांचंही बोट वर होतं.